तात्यांचा लॅपटॉप आणि अठ्ठेचाळीस आकडे

पितृपक्ष लागायला चार दिवस उरले असताना काशीतल्या ब्रह्मघाटावरच्या तात्यांचा लॅपटॉप बसला. तात्या तीर्थोपाध्याय. घराण्याच्या जुन्या वह्या लाल फडक्यात बांधून वरच्या मजल्यावर आहेत, पण गेल्या आठ-दहा वर्षांतले यजमान, त्यांची गावं, गोत्रं, कोणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला, पिशाचमोचनला त्रिपिंडी कोणाची, उतरायला खोली कोणाला दिली, आगाऊ रक्कम कोणाची आली, हे सगळं त्या लॅपटॉपमध्ये. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे यंत्र कायम प्लगला. रात्री विंडोजचं अपडेट चालू असताना वीज गेली. सकाळी बघतात तो पडद्यावर कंपनीचं चिन्ह, खाली फिरणारे पांढरे ठिपके, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची तयारी चालल्याची एक ओळ, मग काळोख, मग पुन्हा चिन्ह. तासभर तेच.

एका दुकानात दाखवलं. तिथल्या पोराने दोन बटणं दाबली आणि निकाल दिला, ‘‘फॉर्मेट मारना पड़ेगा पंडितजी, डेटा की गारंटी नहीं.’’ तात्या पूजेच्या पिशवीतच लॅपटॉप घालून दुर्गाघाटावर माझ्याकडे आले. ‘‘अरे, ह्यात माझे सगळे यजमान आहेत,’’ एवढंच म्हणाले.

यजमान जागेवरच होते. फॉरमॅटची घाई करणाऱ्याला ही गोष्ट माहीत नसते किंवा सांगायची नसते. संगणक चालू न होणं आणि संगणकातलं जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

बटण दाबल्यावर आत काय होतं ते थोडं सावकाश पाहू. प्रोसेसरला वीज मिळते तेव्हा त्याला विंडोज नावाचं काही असतं हेही ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो, तो आधी जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आताच्या यंत्रांत यूईएफआय. बायोस फार साधा होता. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचा. त्यातले ४४६ बाइट सूचनांचे, ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांचे, आणि शेवटचे दोन बाइट ही ओळखीची खूण. खूण दिसली की ‘घे, आता तू बघ’ म्हणून कारभार त्या ४४६ बाइटांच्या हाती द्यायचा. यूईएफआय जास्त शिकलेला. त्याला फॅट३२ पद्धतीने मांडलेली डिस्क वाचता येते. तो डिस्कवरच्या एका लहान, एरवी न दिसणाऱ्या कप्प्यात जाऊन ईएफआय नावाचा फोल्डर शोधतो आणि तिथली बूट फाइल चालवतो. ती फाइल विंडोजच्या लोडरला उठवते, लोडर गाभ्याला, गाभा बाकी सगळ्यांना. एकाने दुसऱ्याला हलवून जागं करायचं, अशी ही साखळी. तात्यांच्या लॅपटॉपमध्ये अपडेट अर्धवट राहिल्याने वरची एक कडी तुटली होती. यजमानांची यादी त्या साखळीत कुठेच नव्हती, ती डिस्कच्या दुसऱ्या भागात स्वस्थ पडून होती.

मग ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ने काम का नाही केलं? कारण दुरुस्तीची ही सोय त्याच डिस्कवरच्या आणखी एका लपलेल्या कप्प्यात असते. किरकोळ बिघाड ती निस्तरते. पण तिला स्वतःलाच धड उठता येईना, तर विहिरीत पडलेल्या माणसाचा दोर विहिरीतच राहिल्यासारखं होतं. दोर बाहेरून सोडावा लागतो. हा बाहेरचा दोर म्हणजे बूट होणारा पेनड्राइव्ह. डिस्कला बगल देऊन यंत्र थेट त्याच्यावरून उठतं, आणि मग आतल्या डिस्ककडे रुग्ण म्हणून बघता येतं.

पेनड्राइव्हच्या आधी हे काम फ्लॉपी करायची, मग सीडी. सीडीवरून बूट कसं व्हावं याचं मानक १९९५मध्ये ठरलं, त्याचं नाव ‘एल टोरिटो’. कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन उपाहारगृहाचं हे नाव. इतक्या रुक्ष कागदाला इतकं चविष्ट नाव दुसरं मला माहीत नाही.

तर पेनड्राइव्ह. या एका शब्दाखाली लोक तीन वेगवेगळ्या वस्तू गोळा करतात आणि ऐन वेळी फसतात. पहिली, रिकव्हरी ड्राइव्ह. ही आपल्याच धडधाकट यंत्रावर बसून, विंडोजच्याच सोयीने बनवायची. त्या यंत्राच्या सिस्टीमच्या फाइल्स तिच्यात येतात. दुसरी, विंडोज बसवण्याचा पेनड्राइव्ह. हा मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने कोणत्याही चालू विंडोज यंत्रावर बनतो, ८ जीबीचा पुरतो, आणि त्याच्यात दुरुस्तीचा पर्यायही असतो, जो लोकांना दिसत नाही कारण ‘इन्स्टॉल’चं बटण मोठं असतं. तिसरी, लाइव्ह लिनक्स. हा पेनड्राइव्हवरूनच चालणारा अख्खा वेगळा संगणक, विंडोज पार मेलेलं असलं तरी फाइल्स बाहेर काढायला उत्तम.

तात्यांकडे पहिली वस्तू नव्हती, कारण ती आजारपणाआधी करायची असते. म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर दुसरी बनवली. विंडोजची प्रत उतरायला वेळ लागला तो लागलाच, पण खरा वेळ खाल्ला पेनड्राइव्हने. स्वस्त पेनड्राइव्ह वाचायला बरे असतात, लिहायला रडतात. सेकंदाला ५ एमबीच्या वेगाने ८ जीबी लिहायचे म्हणजे जवळजवळ अर्धा तास. टक्केवारीचा आकडा एका जागी थबकला म्हणून मध्येच ओढून काढणारे मी पाहिले आहेत. तेवढा वेळ चहा करावा. आम्ही तेच केलं.

इथे एक नेहमीची चूक सांगतो. इंटरनेटवरून आयएसओ नावाची मोठी फाइल उतरवतात आणि ती पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करतात. मग ‘बूटच होत नाही’ ही तक्रार. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये बांधलेली मोट. मोट तशीच ठेवली तर यूईएफआयला फक्त एक मोठी फाइल दिसते, तिच्या आत डोकावणं त्याला शिकवलेलंच नाही. ती मोट सोडून आतला माल जागच्या जागी मांडावा लागतो. रूफससारखी साधनं ते काम करतात. व्हेन्टॉय हा मात्र चलाख अपवाद. तो पेनड्राइव्हवर स्वतःचा छोटा बूट प्रोग्राम ठेवतो आणि आयएसओच्या आत डोकावायचं काम तोच करतो, म्हणून त्याच्यावर चार-पाच आयएसओ नुसत्या कॉपी करून टाकता येतात.

मांडणीत आणखी एक अडचण लपलेली आहे. यूईएफआयला हमखास वाचता येतं ते फॅट३२, आणि फॅट३२मध्ये एकच फाइल ४ जीबीहून मोठी मावत नाही. विंडोजची मुख्य फाइल आता बहुधा त्याहून मोठी निघते. म्हणून चांगली साधनं एकतर ती फाइल तोडून ठेवतात, किंवा जास्त दाबून लहान करतात, किंवा पेनड्राइव्हचे दोन भाग करून बूटचा तेवढा छोटा भाग फॅटमध्ये ठेवतात. हाताने करायला जाणारा इथेच अडतो.

आणि उतरवलेली फाइल धड आहे का? तिच्याजवळ बहुतेक ठिकाणी एसएचए-२५६ची ६४ अक्षरी खूणगाठ दिलेली असते. आपल्या यंत्रावर तीच खूणगाठ काढून ताडून पाहायची. लाखो पानांच्या पोथीत एक काना बदलला तरी अख्खी खूणगाठ वेगळी येते. मी पहिली आणि शेवटची सहा अक्षरं ताडतो आणि पुढे जातो. ही शिस्त नव्हे, आळस आहे, पण फाइल उतरताना वाटेत बिघडली असेल तर एवढ्यानेही कळतं.

पेनड्राइव्ह तयार झाला. आता यंत्राला तो दाखवायचा. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना एक ठरावीक कळ टिचक्या मारत दाबायची, दाबून धरायची नाही. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२च, पण काही मॉडेलांत ती आधी सेटिंगमध्ये जाऊन उघडावी लागते. मग पडद्यावर बूट मेनू येतो. त्यात तोच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा मागे यूईएफआय लावून. दुसरा निवडायचा. पहिला म्हणजे बायोसच्या जमान्यातली जुनी वाट. तिने गेलं की दुरुस्तीची काही साधनं यंत्राला जुनं समजून उलटी वागतात.

सिक्युअर बूट नावाची एक चौकी वाटेत असते. ज्या बूट फाइलवर ओळखीची सही आहे तिलाच ती आत सोडते. नेटवरचा अर्धा सल्ला ‘ती बंद करा’ असा असतो. मायक्रोसॉफ्टचा पेनड्राइव्ह किंवा उबुंटूसारखं मोठं लिनक्स असेल तर काही बंद करायची गरज नाही, त्यांच्याकडे सही असते. सह्यांनाही वय असतं मात्र. या चौकीची मूळ प्रमाणपत्रं २०११ची, त्यांची मुदत जून २०२६पासून संपायला लागते. नव्या बूट फाइल्सवर २०२३च्या प्रमाणपत्राची सही असते. ज्या यंत्रावर जुन्या सह्या रद्द झाल्या, तिथे पाच वर्षांपूर्वी बनवून ठेवलेला पेनड्राइव्ह दारातच अडेल. ‘एकदा बनवला, कपाटात टाकला, सुटलो’ असं म्हणता येत नाही ते यामुळे.

तात्यांच्या यंत्राने पेनड्राइव्ह घेतला. निळा पडदा आला, कीबोर्ड कोणता ते विचारलं. ‘इन्स्टॉल’कडे न बघता आम्ही दुरुस्तीच्या वाटेने आत गेलो. तिथे ते आकडे आडवे आले.

पडद्यावर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली होती, ४८ आकडे. तात्यांनी हे नावही ऐकलं नव्हतं. पण नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने चालू केला की बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. विंडोज नीट उठतं तेव्हा यंत्रातली सुरक्षा चिप गुपचूप किल्ली पुरवते, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. बाहेरून आलेल्या पेनड्राइव्हला ती किल्ली मिळत नाही, आणि मिळू नये हेच योग्य. नाहीतर लॅपटॉप चोरणाराही हेच करेल.

खातं कोणाचं? लॅपटॉप कोथरूडच्या भाच्याने घेऊन पाठवला होता, खातं त्याचंच. फोन लावला. त्याच्या खात्यात दोन यंत्रांच्या किल्ल्या निघाल्या. कोणती आपली हे पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं ताडून ठरलं. मग तो वाचू लागला. तात्यांना तो दोन-दोन आकडे जोडून सांगे, ‘एकोणसत्तर, अठ्ठ्याऐंशी’. तात्या कागदावर उतरवताना अडखळत. काशीत राहून त्यांचे आकडे अर्धे हिंदीत झालेले, ‘उनहत्तर’ की ‘उन्यासी’ हा घोळ. शेवटी एकेक आकडा सुटा सांगायला लावला. सहा आकड्यांचे आठ गट. या गटांची एक गंमत आहे: प्रत्येक गटाला ११ने नि:शेष भाग जातो. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर चूक त्या गटातच पकडता येते, सगळे अठ्ठेचाळीस पुन्हा तपासावे लागत नाहीत. आमचा पाचवा गट आधीच्या जोड्यांच्या घोळात चुकला होता. ‘सात’ आणि ‘साठ’, फोनवर ऐकायला एकच.

या आकड्यांवरून १९ जुलै २०२४ आठवतो. त्या सकाळी आपल्याकडे ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रणालीने एक सदोष फाइल जगभर पाठवली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं तात्यांच्या लॅपटॉपसारखीच गोल फिरू लागली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते याच दिवशी. उपाय एका ओळीचा होता: दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन ती एक फाइल पुसायची. पण यंत्र उठतच नाही तर नेटवरून पुसणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रासमोर जाऊन ते करायचं. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचं साधनच प्रसिद्ध केलं. तिथेही बऱ्याच जणांचा खोळंबा झाला तो याच अठ्ठेचाळीस आकड्यांपाशी.

काशीतच आयआयटी बीएचयूमध्ये ‘परम शिवाय’ हा महासंगणक आहे, पुण्याच्या सी-डॅकने उभारलेला, फेब्रुवारी २०१९मध्ये सुरू झालेला. अशा महासंगणकांत शेकडो यंत्रं एकत्र जोडलेली असतात. तिथे पेनड्राइव्ह घेऊन कोणी फिरत नाही, अशी यंत्रं सहसा नेटवर्कवरून बूट करतात. दोर बाहेरून सोडण्याचं तत्त्व मात्र तेच.

तात्यांच्या डिस्कचं कुलूप उघडलं. आता दुरुस्ती करायची का? नाही, आधी यजमान बाहेर काढायचे. दुरुस्तीच्या पडद्यावर फाइल एक्सप्लोरर नसतो, पण कमांड प्रॉम्प्ट असतो, आणि तिथे नोटपॅड असं टाइप केलं की नोटपॅड उघडतं. त्याच्या ‘ओपन’च्या खिडकीत ‘सगळ्या फाइल्स’ निवडल्या की सगळी डिस्क दिसते आणि उजव्या क्लिकने कॉपीही करता येते. इथे अक्षरांनी दचकू नये. नेहमीची सी ड्राइव्ह इथे डी किंवा ई होऊन बसते. एक्स नावाची जी ड्राइव्ह दिसते ती पेनड्राइव्हवरून मेमरीत तात्पुरती थाटलेली असते, यंत्र बंद झालं की ती नाहीशी. तिथे काही ठेवू नये. यजमानांचा फोल्डर जेमतेम ३ जीबीचा. बाहेरच्या हार्डडिस्कवर तो उतरेपर्यंत तात्या पडद्यावरून नजर हलवत नव्हते.

काही यंत्रांवर याच जागी डिस्कच दिसत नाही आणि माणूस समजतो की डिस्क गेली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क एका मधल्या कंट्रोलरमागे असते आणि त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हकडे नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला की प्रश्न मिटतो.

बाकी दुरुस्ती फार सांगण्यासारखी नाही. स्टार्टअप रिपेअरने हात टेकले. मग ‘अपडेट काढून टाका’ हा पर्याय घेतला, शेवटचं अपडेट निघालं, वीस मिनिटांनी लॅपटॉप उठला. दुकानदाराचं फॉरमॅट लागलंच नाही.

त्याच संध्याकाळी, यंत्र धड असताना, पहिल्या प्रकारची वस्तू बनवली. सर्चमध्ये रिकव्हरी ड्राइव्ह शोधायचं, सिस्टीम फाइल्स सोबत घ्यायच्या चौकटीत खूण करायची, पेनड्राइव्ह लावायचा. १६ जीबी तरी हवा, मी ३२चा घेतला. त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह या कामाला काढू नये. तासभर लागला. वीज जाईल या भीतीने इन्व्हर्टरवरच्या प्लगला बसलो होतो.

तात्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे आता यजमान ह्यातही आले?’’ हा समज सगळ्यांचाच. नाहीत आले. रिकव्हरी ड्राइव्हमध्ये विंडोज असतं, आपलं काही नसतं. उलट तिच्यावरून ‘ड्राइव्हमधून पूर्ववत करा’ हा पर्याय घेतला तर लॅपटॉपमधल्या आपल्या फाइल्सही जातात. आपल्या फाइल्सची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर हवी. सगळंच, विंडोजसकट, जसंच्या तसं जपायचं असेल तर अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढावी. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं क्लोनझिला त्यासाठी फुकट मिळतं. ते स्वतः पेनड्राइव्हवरून उठतं आणि प्रतिमा हार्डडिस्कवर ठेवतं. दिसायला राकट, कामाला पक्कं. मला विचाराल तर ज्याचा धंदा एका लॅपटॉपवर आहे त्याने वर्षातून दोनदा हे करावं. रिकव्हरी ड्राइव्ह तर मायक्रोसॉफ्टच वर्षातून एकदा नवी करायला सांगते.

मग तो पेनड्राइव्ह लगेच परत लावून एकदा बूट करून पाहिला. निळ्या पडद्यापर्यंत गेलो आणि तिथूनच यंत्र बंद केलं. तात्यांना हे विचित्र वाटलं, चालू यंत्र मुद्दाम आजाऱ्याच्या दारात नेणं. पण ज्याच्यावरून एकदाही बूट केलेलं नाही त्या पेनड्राइव्हवर मी विश्वास ठेवत नाही. दहातला एखादा निघतोच मुका.

पेनड्राइव्हला चिठ्ठी चिकटवली: कोणता लॅपटॉप, कोणतं विंडोज, कधी बनवला. ठेवायचा कुठे, यावर थोडी चर्चा झाली. तळमजला बाद. गंगेची इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आणि १९७८च्या पुरात पाणी ७३.९०१पर्यंत चढलं होतं, ते या गल्लीत अजून हाताने दाखवून सांगतात. शेवटी वरच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट ठरलं, वह्यांच्या शेजारी. पण अठ्ठेचाळीस आकडे तिथे नकोत, म्हटलं. किल्ली आणि कुलूप एका खुंटीला टांगू नये. तात्या उठले, देवघरातली रोजच्या दक्षिणेची वही आणली आणि शेवटच्या पानावर सहा-सहाचे आठ गट सुबक देवनागरी आकड्यांत उतरवून काढले. मी डोकावून पाहिलं. पाचव्या गटात पुन्हा सातच्या जागी साठ शिरला होता. अकराने भागून दाखवलं, तेव्हा खोडून नीट लिहिलं.